अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचा हिंद महिला समाज

दुपारची झाकपाक आटोपून आपण मंडळात जमतो. हळदीकुंकू होते, भजन होते, एखादे व्याख्यानही होते. देशाच्या कारभाराची गोष्ट निघाली, की मात्र पुष्कळ घरांत नाके मुरडली जातात. बायकांना राजकारण हवे कशाला, असा सवाल होतो. या सवालाला शंभर वर्षांपूर्वी मुंबईतील एका बाईंनी आपल्या कृतीने उत्तर दिले. त्या म्हणजे कै. अवंतिकाबाई गोखले.

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ साली इंदूरला झाला. माहेरी शाळेत जाण्याचा योग आला नाही. नवव्या वर्षी लग्न होऊन त्या गोखल्यांच्या घरी आल्या. पण यजमान बबनराव सुधारक विचारांचे निघाले. त्यांनी पत्नीला घरीच अक्षरओळख करून दिली. तेवढ्यावर न थांबता बाईंनी पुढे परिचारिकेचेही शिक्षण घेतले. चूल सांभाळून मिळवलेल्या या विद्येचा पुढे शेकडो बायाबापड्यांना उपयोग झाला.

१९१७ साली बिहारमधील चंपारण जिल्ह्यात निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाने शेतकरी गांजले होते. तेथे गेलेल्या गांधीजींच्या ध्यानात आले, की नुसती चौकशी करून भागणार नाही. खेड्यांतील अज्ञान आणि घाण गेली पाहिजे. त्यांनी गावोगाव शाळा काढण्याचे ठरवून स्वयंसेवकांना हाक दिली. बबनराव व अवंतिकाबाई दोघेही तिकडे गेले. बडहरवा लखनसेन या गावी त्यांनी शाळा चालवली. परका मुलूख आणि परकी बोली! पण व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगले वळण शिकवणे मोलाचे, हे गांधीजींनी सर्वांना समजावून दिले होते. अवंतिकाबाईंची शाळा तर नमुनेदार ठरली. पुरुषांना जेथे प्रवेश नव्हता, त्या माजघरांत स्त्रीशिक्षिका जाऊ शकल्या आणि तेथल्या बायकांशी बोलू शकल्या.

चंपारणाहून परत आल्यावर त्यांनी १९१८ साली गांधीजींचे चरित्र मराठीत लिहिले. त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना लाभली. ज्या मुलीला लहानपणी पाटी मिळाली नव्हती, तिच्या पुस्तकाला लोकमान्यांनी प्रस्तावना लिहावी, ही केवढी अभिमानाची गोष्ट!

त्याच वर्षी मुंबईत त्यांनी हिंद महिला समाज स्थापन केला. तोवर स्त्रियांच्या संस्था नव्हत्या असे नाही. शिवण, शिक्षण, विधवांना आश्रय अशी थोर कामे चालू होतीच. या समाजाचे वेगळेपण असे, की घरगृहस्थीच्या बाईने देशाच्या प्रश्नांचा विचार करावा आणि त्यात भाग घ्यावा, हे त्याने उघडपणे मानले. त्या वेळी मुंबई इलाख्यात कौन्सिलाच्या निवडणुकीत बाईला मत नव्हते. ते मिळण्याचा ठराव झाला १९२१ साली, आणि तोही मालमत्तेच्या अटीवर. म्हणजे मत हाती येण्याआधीच या बायका विचाराला लागल्या होत्या.

स्वदेशी, खादी आणि सूतकताई ही समाजाची मुख्य कामे होती. चरखा घरात बसूनही चालतो. त्यामुळे ज्या बाईला उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती, तिलाही देशकार्यात वाटा उचलता आला. अशा कामातून धीट झालेल्या स्त्रिया १९३० च्या कायदेभंगात मुंबईच्या रस्त्यांवर उतरल्या, परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निरोधनाला उभ्या राहिल्या. अवंतिकाबाईंनी स्वतः तुरुंगवास सोसला. मुंबई महापालिकेतही त्यांनी काम केले. १९४९ साली त्या निवर्तल्या. अखेरपर्यंत समाजाची धुरा त्यांच्याच खांद्यावर होती.

भगिनींनो, एका दिवसात कोणी बाई तुरुंगात जाण्याइतकी धीट होत नाही. आधी ती चार जणींत बसते, ऐकते, मग बोलू लागते. असे बसण्याचे ठिकाण अवंतिकाबाईंनी तयार केले आणि तीस वर्षे टिकवले. २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत. त्या जागांवर बसणाऱ्या बायका आपल्यासारख्या मंडळांतूनच पुढे यायच्या आहेत. म्हणून महिन्यातून एक दुपार तरी आपण वर्तमानपत्र वाचून गावच्या कारभाराची चर्चा करण्यासाठी राखून ठेवावी, अशी माझी मंडळाला नम्र सूचना आहे.