लोकमान्यांचा मधुमेह कोणता होता?

आपल्या रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर आहे. ‘केसरी’, ‘गीतारहस्य’, मंडाले हे सगळे मुलांना पाठ असते. लोकमान्य मधुमेही होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. डॉक्टर म्हणून मला त्यांच्या चरित्राचा हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. वडील शिक्षक. त्यांची बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ पुण्याला गेला. अंगकाठी किरकोळ. म्हणून डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांपेक्षा तालमीला आणि पोहण्याला दिले. ती कमाई पुढे तुरुंगात कामी आली. १८८२ मध्ये आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, मग १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. अनेक जण गाव सोडून गेले, टिळक राहिले आणि रुग्णालय उभे करायला धावले. १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा प्लेगनेच गेला.

१९०८ साली न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. तेव्हा वय ५२ होते आणि मधुमेह जडलेला होता. मंडालेचा उन्हाळा भाजून काढणारा, कोठडी लाकडी, आणि साखरेवर औषध म्हणावे असे जगातच काही नव्हते. हाती होते फक्त पथ्य. टिळकांनी भात-पोळी बाजूला ठेवली आणि जवाच्या पिठावर दिवस काढले. आजचा आहारतज्ज्ञही त्याला नाव ठेवणार नाही. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्या, ती बातमी त्यांना कोठडीतच कळली. जून १९१४ मध्ये सुटल्यावर होमरूल चळवळ, दौरे, इंग्लंडचा प्रवास, सगळे मधुमेह सोबत घेऊनच.

यावरूनच निदान करता येते. इन्सुलिनशिवाय, निव्वळ पथ्यावर माणूस बारा वर्षे एवढे काम करतो, तेव्हा त्याचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असणार. पहिल्या प्रकारात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच नष्ट होतात. त्या काळी अशी मुले उपाशी ठेवून जगवत आणि तरी वर्ष-दोन वर्षांत ती जात. टिळकांना हा प्रकार असता, तर ते मंडालेहून परतलेच नसते.

आजही एखादे मूल बेशुद्धावस्थेत रुग्णालयात येते आणि आई विचारते, मी याला फार गोड दिले का हो? नाही, ताई. पहिल्या प्रकाराचा गोडाशी संबंध नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या बीटा पेशींवर उलटते. ती का उलटते, याच्या शोधात एंटेरोव्हायरस गटातल्या, विशेषतः कॉक्सॅकी बी विषाणूंवर संशय आहे. हे पोलिओच्या विषाणूचे भाऊबंद. त्यांचे कवच चार प्रथिनांचे असते, त्यातले एक व्हीपी-१. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये नुकताच हा मधुमेह झालेल्या ७२ मृत रुग्णांची स्वादुपिंडे तपासली, तेव्हा ४४ जणांच्या बीटा पेशींत हे प्रथिन दिसले. मधुमेह नसलेल्या ५० जणांत ते फक्त तिघांत होते. फिनलंडमध्ये जन्मापासून तपासलेल्या मुलांतही हा संसर्ग आधी आणि बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडे नंतर, असा क्रम आढळला.

एक घोटाळा मात्र करू नका. विषाणूच्या कवचाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली म्हणजे तो विषाणू कधीतरी येऊन गेला, एवढेच. असे संसर्ग मुलांमध्ये सर्रास होतात आणि बहुतेकांना मधुमेह होत नाही. म्हणून निरोगी मुलाची ती तपासणी करून घेण्यात अर्थ नाही. मूल सारखे पाणी पिते, रात्री लघवीला उठते, वाळत चालले आहे, असे दिसले तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. उद्यावर टाकू नका.

जुलै १९२० मध्ये लोकमान्यांना मुंबईत ताप आला, त्याचा न्यूमोनिया झाला. मधुमेह्याचे शरीर अशा जंतुसंसर्गाशी कमी पडते, आणि तेव्हा प्रतिजैविकेही नव्हती. १ ऑगस्टला सरदारगृहात त्यांनी देह ठेवला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबरच्या रात्री, कॅनडात फ्रेडरिक बँटिंग या तरुण डॉक्टरने स्वादुपिंडाचा अर्क काढण्याची कल्पना वहीत टिपून ठेवली. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचले. पहिल्या इंजेक्शनाचा फारसा उपयोग झाला नाही, पण अर्क शुद्ध करून दुसऱ्यांदा दिला आणि मुलगा वाचला. तो आणखी तेरा वर्षे जगला. १९३५ मध्ये त्यालाही न्यूमोनियानेच नेले.