डॉ. हार्वे कुशिंग : व्याधीचे मूळ शोधणारे शल्यविशारद

अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे ८ एप्रिल १८६९ रोजी जन्मलेले डॉ. हार्वे कुशिंग हे आधुनिक मेंदू-शल्यचिकित्सेचे प्रवर्तक मानले जातात. लठ्ठपणा, अंगावर वाढलेले केस आणि थांबलेली मासिक पाळी यांनी त्रस्त असलेल्या एका तरुणीच्या व्याधीचे वर्णन त्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. अशा १२ रुग्णांच्या अभ्यासातून, व्याधीचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील लहानशा गाठीत असल्याचे त्यांनी १९३२ मध्ये प्रतिपादन केले. ही गाठ मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना अतिसक्रिय करते. या विकाराला पुढे कुशिंग यांचेच नाव मिळाले.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. एकेकाळी प्राणघातक ठरणाऱ्या या विकाराचे निदान आज लघवी, लाळ व रक्तातील कॉर्टिसॉल तपासून होते. नाकावाटे गाठ काढल्याने अनेक रुग्णांना नवे जीवन लाभते.