आकाशगाडीवाला फ्रेडी लेकर

थोरांची चरित्रे वाचताना मी नेहमी एक गोष्ट शोधतो: या माणसाने सामान्यांसाठी कोणते बंद दार उघडले? फ्रेडी लेकरने उघडलेले दार होते लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाचे!

त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९२२ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. वडील लहानपणीच घर सोडून गेले. सोळाव्या वर्षी तो रोचेस्टरच्या विमान कारखान्यात कामाला लागला. महायुद्धानंतर त्याने जुन्या विमानांचा व्यापार मांडला. १९४८ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा त्याच्या विमानांनी त्या शहराला माल पोहोचवला. १९६६ मध्ये त्याने स्वतःची 'लेकर एअरवेज' काढली.

त्या काळी अटलांटिकवरचे दर विमान कंपन्या आपसांत ठरवीत आणि सरकारे त्यांवर शिक्कामोर्तब करीत. स्वस्तात जायचे, तर एखाद्या मंडळाने भाड्याने घेतलेले विमान गाठायचे. त्यासाठी प्रवासी निदान सहा महिने त्या मंडळाचा सभासद असावा लागे. मग लोक खोटे सभासद होत आणि विमानतळावर त्यांची गुन्हेगारासारखी उलटतपासणी चाले! लेकरला हे झोंबले. १९७१ साली त्याने 'स्कायट्रेन'साठी अर्ज केला. कल्पना रेल्वेच्या बिनराखीव डब्याइतकी साधी होती. आगाऊ आरक्षण नाही. रांगेत उभे राहा, तिकीट काढा आणि बसा. जेवण हवे असेल, तर त्याचे पैसे निराळे.

अर्जापासून उड्डाणापर्यंत सहा वर्षे गेली. परवाना मिळाला, पण अमेरिकेची संमती रखडली. पुढे ब्रिटिश सरकारनेच पाठ फिरवली. लेकर डगमगला नाही. तो न्यायालयात गेला. डिसेंबर १९७६ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २६ सप्टेंबर १९७७ रोजी गॅटविकहून पहिली आकाशगाडी उडाली. भाडे ५९ पौंड, म्हणजे नेहमीच्या दराच्या निम्म्याहूनही कमी! तिकिटासाठी रांगा लागल्या. १९७८ मध्ये लेकर 'सर' झाला.

पण यशाच्या पोटातच संकट वाढत होते. १९७९ मध्ये शिकागोच्या अपघातानंतर डीसी-१० विमाने काही आठवडे जमिनीवर खिळली. विमानांसाठी काढलेले कर्ज डॉलरमध्ये होते, आणि १९८१ मध्ये पौंड घसरला. बड्या कंपन्यांनीही दर उतरवले. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी लेकर एअरवेज बंद पडली. तेव्हा सामान्य माणसांनी तिला वाचवण्यासाठी आपल्या खिशातले पैसे पाठवले! बड्या कंपन्यांनी संगनमत केल्याचा दावा अमेरिकेत दाखल झाला. १९८५ मध्ये तो तडजोडीने मिटला. ९ फेब्रुवारी २००६ रोजी लेकर फ्लोरिडात निवर्तला.

मग लेकर हरला का? मला तसे वाटत नाही. १९८४ मध्ये 'व्हर्जिन अटलांटिक' स्वस्त भाड्याचे ब्रीद घेऊन त्याच मार्गावर उतरली. कर्जाचा हिशेब लेकरला जमला नाही, हे खरे. परंतु गरिबाला महासागर ओलांडण्यासाठी खोटे बोलावे लागू नये, ही त्याची मागणी न्याय्य होती. आणि ती त्याच्या कंपनीबरोबर बुडाली नाही.