अँतोनिओ दे तोरेस : गिटारचा शिल्पकार

गिटार हे वाद्य आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. परंतु त्यास आजचे रूप कोणी दिले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. तो मान स्पेन देशातील एका सुताराकडे जातो. त्याचे नाव अँतोनिओ दे तोरेस हुरादो. त्याचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहो.

तोरेसचा जन्म १३ जून १८१७ रोजी दक्षिण स्पेनमधील आल्मेरिया शहरानजीक झाला. बाराव्या वर्षी तो सुतारकाम शिकू लागला. विवाह लहान वयातच झाला; पण तीन अपत्यांपैकी दोन दगावली आणि पत्नीही अवघ्या २३ व्या वर्षी क्षयाने वारली. पुढे तो सेव्हिल शहरी आला व गिटारी घडवू लागला. हुलियान आर्कास ह्या नामांकित वादकाने त्याच्या हातातील कसब ओळखून त्यास उत्तेजन दिले.

त्या काळची गिटार आकाराने लहान व आवाजाने क्षीण असे. तिची तबली, म्हणजे तारांखालची फळी, जाड ठेवावी तर तातीच्या तारांनी ती पुरेशी कंप पावत नाही. पातळ करावी तर ताणाने वाकते. तोरेसने वाद्याची पेटी मोठी केली, तबली पातळ केली, आणि तिच्या आतून सात बारीक लाकडी पट्ट्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरून बसविल्या. अशा पट्ट्या पूर्वीच्या कारागिरांनीही योजिल्या होत्या. परंतु त्यांस प्रमाणबद्ध रूप दिले ते तोरेसने. पट्ट्यांनी ताण सोसला व फळी मोकळेपणी बोलू लागली. १८५८ साली सेव्हिलच्या प्रदर्शनात त्यास कांस्यपदक मिळाले.

वाद्याचा नाद मुख्यतः तबलीतून येतो, मोलवान शिसवीच्या पाठीतून नव्हे, अशी त्याची खात्री होती. ती त्याने वादविवादाने नव्हे, तर प्रयोगाने सिद्ध केली. १८६२ साली त्याने एक गिटार अशी बनविली की, तिची तबली लाकडाची, पण पाठ व बाजू केवळ पुठ्ठ्याच्या! ही गिटार बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात जतन केलेली आहे.

१८६९ साली फ्रान्सिस्को तारेगा हा तरुण वादक त्याच्याकडे गिटार घेण्यास आला. तोरेसने प्रथम एक साधी गिटार पुढे केली; पण त्याचे वादन ऐकताच आत जाऊन स्वतःसाठी राखून ठेवलेली उत्तम गिटार आणून दिली, असे सांगतात. हाच तारेगा पुढे जगद्विख्यात झाला.

इतका लौकिक मिळवूनही १८७० च्या सुमारास तोरेसने दुकान बंद केले आणि आल्मेरियास परतून चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापार मांडला. परंतु ज्या हातांना लाकडाची भाषा कळली होती, त्यांस स्वस्थता कोठून? पाचएक वर्षांनी त्याने पुन्हा रंधा हाती घेतला, आणि नव्या गिटारींवर आपल्या कामाचा हा दुसरा काळ असल्याची नोंद करून तो अखेरपर्यंत त्या घडवीत राहिला. १९ नोव्हेंबर १८९२ रोजी त्याचे देहावसान झाले.

वृद्धापकाळी त्यास कामात मदत करणाऱ्या एका धर्मगुरूने पुढे अशी आठवण लिहून ठेविली की, तोरेस आपले गुपित कोणास सांगत नाही, अशी तक्रार मित्र करीत. त्यावर तोरेसचे म्हणणे असे की, ते सांगता येण्याजोगे नाहीच. अंगठा व तर्जनी यांनी फळी चाचपताना ती नीट उतरली की नाही हे बोटांस कळते, आणि ही जाण आपल्याबरोबरच जाणार.

आमच्या विद्यार्थिमित्रांनी ह्यातील मर्म ध्यानी घ्यावे. तोरेसच्या गिटारीचे माप कोणासही घेता येते. जगातील बहुतेक अभिजात गिटारी आजही त्याच नमुन्यावर बनतात. परंतु बोटांतील जाण मापाने मिळत नाही. प्रत्येकाने ती स्वतःच्या श्रमानेच मिळवावी लागते. हाताच्या कामास बुद्धीच्या कामाहून हलके समजणाऱ्या पालकांनीही ह्या सुताराचे चरित्र एकवार आठवावे. त्याची बुद्धी त्याच्या बोटांतच वसत होती.