मतातून उभी राहिलेली शाळा

राजकारण सोडा, आधी शाळा काढा, हाताला उद्योग शिकवा, हक्क मागाहून आपोआप मिळतील, असा सल्ला आमच्या समाजाला वारंवार दिला जातो. सल्ला देणाऱ्यांत प्रस्थापित असतात, तसेच शिकून स्थिरावलेले आपलेही काही लोक असतात. अशा वेळी आम्हाला अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांचे जीवन आठवते. हाच सल्ला त्यांनी आपल्या समाजाला दिला होता. त्याचे पुढे काय झाले, हे तपासणे आपल्या हिताचे आहे.

बुकर यांचा जन्म १८५६ च्या सुमारास व्हर्जिनिया राज्यातील एका मळ्यावर, गुलाम आईच्या पोटी झाला. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन या गावी गेले. तिथे बुकर मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत राबला. १८७२ मध्ये तो सुमारे पाचशे मैलांवरच्या हॅम्प्टन विद्यालयात पोहोचला. वाटेत कित्येक मैल पायी चालला. परीक्षा म्हणून त्याला एक खोली झाडायला सांगितली गेली. ती लख्ख झाडली, तेव्हा प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, इकडे महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

१८८१ मध्ये बुकर अलाबामा राज्यातील मेकन काउंटीत टस्कगी येथे आले. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. इथे शाळा कशी मंजूर झाली, ते नीट समजून घ्या. मेकन काउंटीत काळे बहुसंख्य होते आणि तेव्हा त्यांना मत होते. निवडणुकीला उभ्या असलेल्या फॉस्टर नावाच्या गोऱ्या उमेदवाराने काळ्यांच्या मतांसाठी लुईस ॲडम्स या पूर्वीच्या गुलामाला गाठले. ॲडम्सने मतांच्या बदल्यात पैसा मागितला नाही, शाळा मागितली. फॉस्टर निवडून आला आणि राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. ४ जुलै १८८१ रोजी ३० विद्यार्थ्यांसह एका मोडक्या खोपटात शाळा भरली. छप्पर इतके गळके होते की पावसात एखादा विद्यार्थी उठून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरीत असे.

शाळा उघडण्यापूर्वी बुकर महिनाभर खेडोपाडी फिरले. तिथल्या शाळा म्हणजे चर्चची किंवा ओंडक्यांच्या झोपडीची एक खोली. वर्षातले थोडेच महिने भरणारी. हिवाळ्यात खोली गरम करायला साधन नाही; अंगणात शेकोटी पेटवायची आणि मुलांनी व मास्तरांनी आतबाहेर करायचे. एका ठिकाणी एकाच पुस्तकावर पाच मुले शिकताना त्यांनी पाहिली.

पैसा नव्हता असे नाही. राज्याचा निधी मुलांच्या संख्येवर यायचा आणि त्या संख्येत काळी मुलेही मोजली जायची. पण १८९१ मध्ये अलाबामाने कायदा करून त्याची वाटणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोपवली. काळ्या मुलांच्या नावावर आलेला पैसा गोऱ्यांच्या शाळांत जाऊ लागला. डोकी आमची, पैसा त्यांचा!

अशा काळात, १८९५ मध्ये, अटलांटा येथील भाषणात बुकर यांनी समाजाला राजकीय हक्कांची घाई न करता उद्योग आणि शेती शिकण्याचा उपदेश केला. गोऱ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले आणि देणग्या दिल्या. १९०१ मध्ये त्याच अलाबामाने नवे संविधान करून बहुतेक सर्व काळ्यांचे मत काढून घेतले. स्वतः खेड्यातल्या एकखोली शाळेत शिकवलेल्या ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये बुकर यांच्या धोरणावर कठोर टीका केली. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या जाइल्स खटल्याला, म्हणजे मताधिकाराच्या लढाईला, बुकर गुपचूप पैसा पुरवीत होते. आम्ही वकील म्हणून ही गोष्ट फार महत्त्वाची मानतो. मताची किंमत त्यांनाही कळली होती. ते उघडपणे बोलले नाहीत एवढेच.

१९१२ मध्ये शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझनवाल्ड यांच्या देणगीतून बुकर यांनी खेड्यांत सहा लहान शाळा बांधायला घेतल्या. पुढे ही योजना वाढली. १९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. त्यांना रोझनवाल्ड शाळा म्हणतात. पण रोझनवाल्ड यांच्या निधीने सुमारे ४३ लाख डॉलर दिले, तर गरीब काळ्या शेतकरी-मजुरांनी सुमारे ४७ लाख. शिवाय जमीन दिली, लाकूड दिले, अंगमेहनत केली. कर भरूनही त्यांनी शाळेसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजले आणि इमारत व जमीन सरकारी शाळाखात्याच्या नावे करून दिली. त्या खात्यावर कोण बसणार, हे ठरवण्याचे मत मात्र त्यांना नव्हते.

१४ नोव्हेंबर १९१५ रोजी बुकर यांचे निधन झाले. त्या वेळी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. बाबासाहेबांनी शाळा आणि मत यांची फारकत कधीच होऊ दिली नाही. वसतिगृहे काढली, तशी गोलमेज परिषदही गाजवली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि संविधानातून प्रत्येक प्रौढाला मत दिले. टस्कगीच्या लोकांना १९५७ मध्येही गावाची हद्द वाकडीतिकडी करून मतदारयादीबाहेर ढकलले गेले होते. त्यांच्याच प्राध्यापक गोमिलियन यांनी सर्वोच्च न्यायालयात तो खटला जिंकला.

बुकर यांचे कष्ट आम्ही कमी लेखत नाही. गुलामाच्या झोपडीतून निघून हजारो मुलांना अक्षर देणारा माणूस आम्हाला वंदनीयच आहे. पण त्यांची शाळा ॲडम्सने मागितलेल्या किमतीतून जन्मली, हे विसरता येणार नाही. आज कमी पटाच्या नावाखाली वस्तीवरच्या शाळा बंद करण्याचा, दूरच्या शाळेत विलीन करण्याचा विषय पुन्हा पुन्हा निघतो. तेव्हा वर्गणीची पावती पुस्तके बाहेर काढण्याआधी एक करा. निवडणुकीत दारात येणाऱ्याला विचारा, आमच्या वस्तीच्या शाळेचे काय? आणि उत्तर मिळाल्याशिवाय मत देऊ नका. जयभीम!