रंगवायच्या चित्रामागची मेरी

आमच्या बालरुग्ण विभागाबाहेर सिस्टरांनी एका जुन्या टेबलावर खडू आणि झेरॉक्स काढलेली चित्रं ठेवली आहेत. सलाइनचा हात मांडीवर ठेवून मुलं दुसऱ्या हाताने रंगवत बसतात. परवा सात-आठ वर्षांच्या एका मुलाने मला थांबवलं. पंख पसरलेला, दातेरी तोंडाचा प्राणी त्याने जांभळा रंगवला होता. रंग बरोबर आहे का, हे त्याला विचारायचं होतं.

हा डायनोसॉर नव्हे, टेरोसॉर. म्हणजे उडणारा सरीसृप, हे मी त्याला सांगितलं. त्याचा पंख पक्ष्यासारखा पिसांचा नसे. हाताचं चौथं बोट प्रचंड लांबलेलं आणि त्यापासून अंगापर्यंत ताणलेला कातडीचा पडदा, अशी ती रचना होती. रंगांबद्दल अजून फार थोडं कळलं आहे. ब्राझीलमधल्या एका टेरोसॉरच्या तुऱ्याजवळच्या पिसांत रंगद्रव्याचे वेगवेगळ्या आकारांचे सूक्ष्म कण सापडल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, एवढंच. तेव्हा जांभळा चालेल, असा निकाल मी दिला. घरी जाताना मात्र मेरी अ‍ॅनिंग आठवत राहिली.

मेरीचा जन्म २१ मे १७९९ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस या गावी झाला. वडील सुतार. आईवडिलांना दहाएक मुलं झाली, जगली दोनच : जोसेफ आणि मेरी. मेरी सव्वा वर्षाची असताना वीज पडून तिला कडेवर घेतलेली बाई आणि सोबतच्या दोघी गेल्या, ही वाचली. गावाजवळचे समुद्रकडे हिवाळी वादळांत ढासळत आणि त्यांतून जीवाश्म बाहेर पडत. ते वेचून पर्यटकांना विकणं हा वडिलांचा जोडधंदा. कड्यावरून पडल्याची दुखापत आणि क्षय यांनी १८१० मध्ये ते गेले. मागे कर्ज राहिलं. जीवाश्म वेचणं हेच मग घराचं पोट झालं.

१८११ मध्ये जोसेफला एक मोठी कवटी मिळाली. पुढच्या वर्षी मेरीने त्याच प्राण्याचा उरलेला सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा समुद्री सरीसृप. सांगाडा २३ पौंडांना विकला गेला. मेरी तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती. शाळा म्हणावी तर चर्चची रविवारची शाळा, तेवढीच. पुढे ती शास्त्रज्ञांचे निबंध हाताने उतरवून घेई आणि हाडांची जुळणी समजावी म्हणून मासे नि माकुळ चिरून बघे. आम्ही पहिल्या वर्षाला शवविच्छेदनगृहात जे शिकलो, ते ती घरच्या घरी शिकली.

१८२३ मध्ये तिला लांब मानेचा प्लेसिओसॉर मिळाला. ती मान पाहून पॅरिसच्या जॉर्ज क्यूव्हियेंना बनावटीचा संशय आला. पुढच्या वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत तपासणी होऊन सांगाडा खरा ठरला. ज्या व्याख्यानात त्याचं वर्णन झालं, त्यात मेरीचं नाव आलं नाही. सोसायटीत स्त्रियांना प्रवेशच नव्हता.

डिसेंबर १८२८ मध्ये तिच्या हाती टेरोसॉर लागला. जर्मनीबाहेर सापडलेला हा पहिला. विल्यम बकलंड यांनी त्याचं वर्णन करताना शोधाचं श्रेय तिला दिलं, हेही सांगायला हवं. आज त्याला डायमॉर्फोडॉन म्हणतात.

तरी घरात पैसा टिकत नव्हता. तेव्हा १८३० मध्ये तिचे मित्र, भूवैज्ञानिक हेन्री डी ला बीच यांनी एक जलरंगचित्र काढलं. समुद्रात इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर, आकाशात टेरोसॉर. बरेचसे प्राणी मेरीने शोधलेल्या जीवाश्मांवर बेतलेले. त्याच्या छापील प्रती विकून आलेले पैसे तिला दिले. जीवाश्मांच्या आधारे प्राचीन जीवसृष्टीचा जिवंत देखावा मांडणारं हे जवळजवळ पहिलंच चित्र. मुलं आज रंगवतात त्या पानांची ही पणजी, आणि ती एका बाईच्या घरखर्चासाठी जन्मली.

१८३३ मध्ये दरड कोसळून मेरीचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गेला. ती थोडक्यात बचावली. १८३५ मध्ये शिल्लक बुडाली. बकलंड यांच्या खटपटीने वर्षाला २५ पौंडांचं निवृत्तिवेतन मिळू लागलं.

शेवटची वर्षं वाचताना माझ्यातला डॉक्टर थबकतो. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. इथरची जाहीर शस्त्रक्रिया बोस्टनला झाली ती १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये. तोवर अशा रुग्णांना शुद्धीतच चिरत. वेदनेवर उपाय म्हणजे लॉडनम, अफूचा मद्यार्क. मेरी ते घेई. त्याच्या गुंगीत तिचा तोल जाई, आणि गावात बोलवा झाली की ही दारू पिते. आयुष्यभर तिच्याकडे पाहणाऱ्या गावाला तिचं दुखणं दिसलं नाही. ९ मार्च १८४७ रोजी ती गेली, वय ४७. ज्या सोसायटीत तिला प्रवेश नव्हता, तिने तिच्या आजारपणात वर्गणी जमवली, आणि अध्यक्ष डी ला बीच यांनी तिथे तिच्यावर मृत्युलेख वाचला.

आज भूल आहे, औषधं आहेत. तरीही ओपीडीत बायका उशिराच येतात. गाठ दुखत नव्हती म्हणून, घरात लग्न होतं म्हणून, सांगायची लाज वाटली म्हणून. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडी किंवा स्तनाग्र आत ओढलं जाणं, रक्तस्राव, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवावं. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. ज्या असतात, त्या लवकर सापडल्या तर उपचार चांगले लागू पडतात.

घरात मूल टेरोसॉर रंगवत बसलं, तर त्याला मेरीची गोष्ट सांगा. आणि घरातली बाई अलीकडे गप्प किंवा थकलेली दिसत असेल, तर तर्क करत बसू नका. तिला विचारा.