दाक्षायणी वेलायुधन : संविधान सभेतील एकमेव दलित महिला

संविधान सभा म्हटलं की आपल्यासमोर बाबासाहेब उभे राहतात. त्याच सभेत 15 महिला होत्या आणि त्यांत दलित समाजातली एकच होती, दाक्षायणी वेलायुधन. आपल्या कार्यक्रमांत हे नाव क्वचितच ऐकू येतं.

4 जुलै 1912 रोजी कोचीजवळच्या मुळवुकाड बेटावर, पुलय जातीत त्यांचा जन्म झाला. पुलयांना गावात सभा घेता येत नव्हती. म्हणून 1913 मध्ये त्यांनी खाडीत होड्या एकमेकींना बांधून त्यांवर सभा भरवली. दाक्षायणींच्या घरची माणसं त्या चळवळीत होती. पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत सवर्ण शिक्षक त्यांना प्रयोग दाखवत नसत. त्यांनी लांबून पाहून प्रयोग शिकून घेतले आणि 1935 मध्ये रसायनशास्त्राची पदवी मिळवली. त्या देशातल्या पहिल्या दलित महिला पदवीधर मानल्या जातात.

1940 मध्ये वर्ध्याच्या सेवाग्राम आश्रमात आर. वेलायुधन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. 1945 मध्ये त्या कोचीन विधान परिषदेवर गेल्या आणि 1946 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, मद्रास प्रांतातून संविधान सभेवर. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. या प्रश्नावर बाबासाहेबांशी त्यांचे मतभेद होते, हे आपण लपवू नये. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलमाला मात्र त्यांनी सभागृहात ठाम पाठिंबा दिला.

यानंतरचा भाग आपण नीट वाचायला हवा. 1952 च्या पहिल्या लोकसभेत त्यांचे पती निवडून गेले. संविधान घडवणाऱ्या सभेत बसलेल्या दाक्षायणी त्या लोकसभेत नव्हत्या. 1971 मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्या केरळच्या अडूर राखीव मतदारसंघातून अपक्ष उभ्या राहिल्या आणि हरल्या. तिथून भार्गवी तंकप्पन जिंकल्या, त्यांच्यामागे कम्युनिस्ट पक्ष होता. दाक्षायणींमागे पक्ष नव्हता. तरीही त्या थांबल्या नाहीत. 1977 मध्ये त्यांनी दिल्लीत महिला जागृती परिषद स्थापन केली. जुलै 1978 मध्ये त्यांचं निधन झालं.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो, मोर्चाला, धम्म परिषदेला महिला सर्वांत पुढे असतात. उमेदवारीची यादी मात्र पुरुष ठरवतात. आरक्षण पडलं की कुणाच्या तरी पत्नीचं नाव येतं आणि कारभार पती बघतो. एखाद्या ताईने स्वतःहून तिकीट मागितलं, तर तिला पदाची हाव आहे असं म्हणतात. तेच तिकीट मागणारा भाऊ आपल्याला नेता वाटतो.

येत्या निवडणुकीत तिकीट मागणारी ताई आपल्या वस्तीतही असेल. तिच्यामागे संघटना उभी करणं आपल्याच हातात आहे.

जय भीम!